उपडा कप

सातव्या प्रश्नाशी नात अडली. पहिले सहा तिने धडाधड सोडवले होते. कारखान्यात काय बनायचं, तर कपबशा. माती कुठून यायची, तर नदीकाठून. दिवसाला किती कप भाजले जायचे, हे तर भिंतीवर हातभर आकड्यांत लिहिलेलंच होतं. संग्रहालयाच्या दारात तिकिटांबरोबर लहान मुलांना एक कागद आणि एक आखूड पेन्सिल मिळते, दहा प्रश्न असतात, सगळे बरोबर आले की बाहेर पडताना एक चिमुकला कप बक्षीस. नातीला तो कप हवाच होता. ती भिंतीला कागद टेकवून मोठ्याने वाचत होती, "तीन नंबरची भट्टी कशामुळे कोसळली? अ, वादळामुळे. ब, भूकंपामुळे. क, भट्टीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे." मग तिने मान वळवली आणि विचारलं, "बाबा, भट्टीवाले म्हणजे आपले आजोबा ना?" माझा मुलगा भिंतीवरचा जुना नकाशा बघत होता. नकाशावरची नजर न काढता तो म्हणाला, "क वर खूण कर आणि पुढे चल." जेवताना मीठ पुढे सरकवावं इतक्या सहज म्हणाला. पेन्सिल कागदावर टेकली, तेव्हा मी तिचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं असणार, कारण ती "आजी, दुखतंय" म्हणाली. मी हात सोडला, पण पेन्सिल काढून घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. "आई, काय करतेस?" मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, पुढे चल." त्याचंच वाक्य त्याला परत दिलं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

खरं म्हणजे मी इथे यायलाच तयार नव्हते. तीन वर्षं सूनबाई मागे लागली होती. "आई, तुमच्या जुन्या कारखान्याचं संग्रहालय केलंय म्हणे, सुट्टीच्या दिवशी सगळे जातात, बाहेर बाग आहे, तुम्हाला बरं वाटेल." म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून लोक काय काय करतात. मी दरवेळी गुडघे पुढे करायचे. माझे गुडघे ठणठणीत आहेत, पण या वयात त्यांच्यावर कोणी शंका घेत नाही. या वेळी नातीने गळ्यात हात टाकला आणि मी फसले. सकाळी सूनबाईने डबा भरला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, माझ्यासाठी घडीची खुर्चीसुद्धा गाडीत टाकली, जशी काही मी वाटेतच विरघळणार होते. निघताना मी सवयीने स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचे धुतलेले कप सरळ करून आले. ती उपडे घालते, मी सरळ करते. ती म्हणते, आई, आत धूळ जाते. मी म्हणते, जाऊ दे. अकरा वर्षं हे चाललंय. दोघीही कधी आवाज चढवत नाही, पण कपही कधी एका बाजूवर टिकत नाहीत. मी हेकट आहे असं तिचं मत आहे. ते बदलायची वेळ मी तिच्यावर कधी येऊ दिलेली नाही.

पुढची खोली आमची निघाली. मी उंबऱ्यातच ओळखली, खिडक्यांवरून. चार उंच खिडक्या, उत्तरेचा उजेड, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दुहेरी काचा. तपासणीची खोली. भाजून आलेला प्रत्येक कप इथे यायचा. आम्ही नऊ जणी. डाव्या हाताच्या बोटांवर कप अलगद तोलायचा, उजव्या हातातल्या लाकडी काडीने काठावर एक टिचकी द्यायची आणि ऐकायचं. नीट भाजलेला कप टण् म्हणतो आणि तो आवाज थोडा वेळ हवेत राहतो. कच्चा राहिलेला किंवा तडकलेला खट् म्हणतो आणि गप्प बसतो. सगळं काम कानाचं, म्हणून खोलीत बोलायची सक्त मनाई होती. पायांत रबरी चपला, खोकला आला तर बाहेर. सात तास नऊ बायका एका खोलीत बसून तोंडातून ब्र काढत नव्हत्या, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील. आणि या लोकांनी त्याच खोलीत यंत्रांचा धडधडाट लावून ठेवला होता. छतात कुठेतरी दडवलेल्या कर्ण्यातून घरघर, खडखड, शिट्ट्या. कारखान्याचं वातावरण म्हणे. मध्ये एक मेणाची बाई बसवलेली, गालांवर लाली, हसरी, आणि काडी अशी धरलेली की कपाचे दोन तुकडेच व्हावेत. खाली पाटी, ‘स्त्रियांना हलकी कामं दिली जात.’ मी मोठ्याने हसले. मुलाने इकडेतिकडे पाहिलं. त्याला लोकांनी आपल्याकडे बघितलेलं चालत नाही, लहानपणापासून चालत नाही. वर्गात कोणीतरी त्याला ‘झोपाळू भट्टीवाल्याचा’ म्हटलं होतं, तेव्हापासून तो मान खाली घालून चालायला शिकला. सहा वर्षांचा होता. आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि चालण्यात फारसा फरक नाही. त्याने वडिलांना माफ केलंय. हे तो अभिमानाने सांगतो. एकदा जेवताना म्हणाला होता, "चूक माणसाकडूनच होते, मी बाबांना केव्हाच माफ केलंय." मी ताटातलं संपवलं आणि उठले.

भिंतीवर काचेच्या कपाटात ‘सदोष माल’ मांडला होता. कप उपडे ठेवले होते, तळ दिसावेत म्हणून, आणि प्रत्येक तळावर निळ्या पेन्सिलीची फुली. नातीला त्या फुल्या फार आवडल्या. मला माझं नाक काचेला लागेपर्यंत वाकावं लागलं. फुलीखाली बारीक अक्षरं असतात, ती कोणी वाचत नाही. भट्टीचा आकडा, भट्टीतली बाजू, तपासणारीचा नंबर आणि तारीख. वरच्या फळीवरचे पाच कप. तीन, डावी, सतरा. तीन, डावी, सतरा. पाचही तेच. सतरा म्हणजे मी. माझ्या साताला अजूनही तशीच शेपटी असते. एक्केचाळीस वर्षं मी समजत होते की ते सगळे फोडून मातीत गेले. आणि हे इथे दिवा लावून, काच पुसून, जपून ठेवलेले. काय जपलंय ते मात्र यांच्या गावीही नाही.

आमच्या खोलीत बोलायची मनाई, मग काही बिघडलं तर कळवायचं कसं? त्याची एक रीत होती, कोणी लिहून ठेवलेली नाही, आमच्याही आधीच्या बायकांनी पाडलेली. खोलीच्या टोकाला सुपरवायझरचं टेबल. एका भट्टीचे दहात एकापेक्षा जास्त कप खट् म्हणाले, की त्यातला एक कप उचलायचा, उठून जायचं आणि त्याच्या टेबलावर उपडा ठेवायचा. उपडा कप म्हणजे भट्टी थांबवा, आत माणूस घाला, बघा. बस. शब्द नाही, चिठ्ठी नाही. आधीचा म्हातारा सुपरवायझर उपडा कप दिसला की हातातलं सोडून धावायचा. मग नवा आला. आम्ही त्याला घड्याळसाहेब म्हणायचो, कारण बोलता बोलता तो मनगटच बघत असायचा. भट्टी थांबली की माल थांबतो, आणि माल थांबला की घड्याळसाहेबांना वर उत्तर द्यावं लागतं. त्या आठवड्यात तीन नंबरच्या डाव्या अंगाचे कप खट् म्हणायला लागले. सोमवारी शंभरातले चार, मंगळवारी अकरा, गुरुवारी एकतीस, सगळे डावीकडचे. म्हणजे डाव्या भिंतीला भेग आहे आणि उष्णता तिकडून बाहेर चाललीय. हे माझ्यासारख्या बाईलाही कळत होतं, मग ज्याला कळायला हवं त्याला का कळू नये? मंगळवारी मी कप उपडा ठेवला. त्याने सरळ केला. बुधवारी ठेवला. त्याने सरळ केला आणि त्यात चहा ओतून घेतला, माझ्याकडे बघत. गुरुवारी ठेवला, तेव्हा त्याने शिपायाला बोलावलं आणि सांगितलं, "तीन नंबरला सांग, कप कच्चे येतायत, ताव वाढव." मी ऐकलं. बारा पावलांवर होते. तीन नंबरवर आमचे हे होते.

मी ओरडायला हवं होतं. हे मी पुन्हा पुन्हा फिरवून बघितलंय आणि त्यातून दुसरं काही निघत नाही. खोलीत बोलायची मनाई होती म्हणून मी बोलले नाही. कोणाला हे कारण वाटेल का? पण आठ वर्षं जिथे श्वाससुद्धा हळू घेतला, तिथे तोंड उघडायचंच सुचलं नाही. मी जागेवर येऊन बसले आणि पुढचा कप उचलला. दुपारी तीन नंबरची कमान बसली. खिडक्यांच्या दुहेरी काचांतूनही तो आवाज आला, आणि तो खट् होता. एक माणूस गेला, तिघं भाजले, ह्यांचा एक हात कोपरापर्यंत. चौकशीत घड्याळसाहेबांनी लिहून दिलं की भट्टीवाल्याला डुलकी लागली होती आणि ताव वाजवीपेक्षा जास्त गेला. शिपाई म्हणाला, मला काही आठवत नाही. सगळं खापर ह्यांच्या डोक्यावर फुटलं. चौकशीच्या आदल्या दिवशी घड्याळसाहेब माझ्या टेबलापाशी आले, माझ्यासमोरचा एक कप त्यांनी उगाचच सरळ केला, आणि त्या खोलीत पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्याशी बोलले. म्हणाले, "घरात एकाची तरी नोकरी राहायला हवी, नाही का?" मी साक्षीला गेले नाही. ह्यांना विचारलं गेलं, कोणी धोक्याची सूचना दिली होती का? हे म्हणाले, मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं. मंगळवारीच रात्रीच्या जेवणाला मी त्यांना कपाचं सांगितलं होतं, आणि ते म्हणाले होते, "तू ठेवलास ना उपडा? मग बघतील ते." माझं नाव घेतलं असतं तर माझीही नोकरी गेली असती. पुढे एकोणीस वर्षं ते बागेत झाडांना पाणी घालत जगले, एका हाताने. त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी पुढची अकरा वर्षं, कारखान्याला कुलूप लागेपर्यंत, त्याच खिडकीखाली बसून टण् आणि खट् वेगळं करत राहिले. आणि घरात एकही कप उपडा ठेवू दिला नाही. उपडा कप दिसला की कोणीतरी तो सरळ करायला येईल असं वाटायचं, आणि ते मला बघायचं नव्हतं.

खोलीच्या टोकाला टेबल तसंच होतं. तेच, शिसवी, कोपऱ्याला जळकी खूण असलेलं. भोवती जाड लाल दोरी. टेबलावर दौत, वही, टोपी, आणि बशीत एक कप. सरळ. मी दोरीखालून वाकून आत गेले. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. कप उचलला, बोटांवर तोलला, नखाने टिचकी दिली. टण्. दोन नंबरच्या भट्टीतला असावा, चांगला भाजलेला. तो मी बशीवर उपडा ठेवला आणि बाहेर आले. कोपऱ्यातल्या स्टुलावर गणवेशातली राखणदार बाई बसली होती, माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान, पाय सुजलेले. ती उठली, दोरी ओलांडून गेली, कप सरळ केला आणि सौम्यपणे म्हणाली, "आजी, वस्तूंना हात नाही लावायचा." मी "बरं" म्हटलं. ती स्टुलावर टेकली, आणि मी पुन्हा आत गेले. पुन्हा उपडा. ती पुन्हा उठली. "आजी, मला बोलणी खावी लागतील हो." तिची मला दया आली, पण गप्प राहून मी एक्केचाळीस वर्षं काढली होती. तिने कप सरळ केला. तिसऱ्यांदा मी गेले, कप उपडा केला आणि घड्याळसाहेबांच्या खुर्चीत बसले. खुर्ची चांगली मऊ होती. आम्हाला बाकडी होती.

"आई, ऊठ," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. दारात दोन कुटुंबं थांबली होती, एकाच्या कडेवर मूल. त्याची मान खाली गेली होती. "लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. बघायलाच तिकीट काढलंय त्यांनी." राखणदार बाईने फोन केला आणि संग्रहालयाच्या प्रमुख बाई आल्या. शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी आधी मला पाणी हवंय का विचारलं. मी म्हटलं, नको, कर्णा बंद करा. त्यांना कळेना. मी म्हटलं, "ही खोली गप्प असायची. हा आवाज बंद करा, मग बोलते." त्यांनी कोणाला तरी खूण केली. घरघर थांबली. एवढी शांतता झाली की बाहेरच्या बागेतली पोरं काचांतूनही ऐकू यायला लागली. आणि मग त्या खोलीत मी बोलले. सोमवारचे चार, मंगळवारचे अकरा, गुरुवारचे एकतीस. तीन वेळा ठेवलेला कप, तीन वेळा सरळ झालेला. शिपायाला दिलेला हुकूम, शब्दाला शब्द. मी नात उभी होती तिकडे बघून बोलत होते, कारण मुलाकडे बघवत नव्हतं.

प्रमुख बाईंचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "आजी, फार मोलाचं आहे हे. आपल्याकडे आठवणींचा कोपरा आहे, तिथे आपण तुमच्या आवाजात हे रेकॉर्ड करू. लोक कानाला लावून ऐकतील." मी म्हटलं, "ही आठवण नाही. ही साक्ष आहे. मला कोपरा नको, बाहेरच्या खोलीतली ‘भट्टीवाल्याचा निष्काळजीपणा’ म्हणणारी पाटी बदला. आणि पोरांच्या कागदावरचा सातवा प्रश्न काढा." त्या अडखळल्या. "पण चौकशीच्या अहवालात तसं नाही ना. आम्हाला नोंदी बघूनच लिहावं लागतं." "अहवाल कप सरळ करणाऱ्याने लिहिला. उपडा ठेवणारीची नोंद तुमच्या त्या कपाटात आहे. वरची फळी. तीन, डावी, सतरा, आणि पुढे तारीख. भट्टी कुठल्या तारखेला बसली ती तुमच्याच पाटीवर आहे. पडताळून बघा." त्या कपाटाकडे गेल्या. बराच वेळ वाकून होत्या. परत आल्या तेव्हा आवाजातला गोडवा थोडा उतरला होता आणि त्या मला जास्त बऱ्या वाटल्या. "मला समितीपुढे ठेवावं लागेल. वेळ लागेल, आजी." मी म्हटलं, "समिती बसू दे. मीही बसलेय."

तेव्हा मुलगा बोलला. "तू तेव्हा का नाही सांगितलंस?" मोठ्याने नाही, पण खोली आता गप्प होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा जिवंत असताना? मला? मी एकोणीस वर्षं त्यांच्याशी कसा वागलो, तू बघत होतीस." मी बघत होते. बाबा शाळेत न्यायला येऊ नयेत म्हणून तो रडायचा, तेही बघितलं. त्याच्या पदवीदान समारंभात ह्यांनी मागच्या रांगेत खुर्ची शोधली, तेही. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते चांगलं नव्हतं. "भ्याले," मी म्हटलं. "आधी नोकरीसाठी. नंतर, इतके दिवस का गप्प बसलीस असं तू विचारशील म्हणून." तो तडक बाहेर निघून गेला. नात त्याच्यामागे धावली. मला उठून जावंसं वाटलं. सगळं अंग उठत होतं. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. त्याने मला माफ करावं म्हणून मी हे केलं नव्हतं. त्याची माफी म्हणजे काय असते, ते मी एकदा जेवताना बघितलं होतं.

सूनबाई मात्र गेली नाही. ती दोरीच्या पलीकडे डब्याची पिशवी पोटाशी धरून उभी होती आणि त्या कपाकडे बघत होती. "म्हणजे घरातले कप..." ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मला वाटायचं, माझं काहीच तुम्हाला पटत नाही." मी म्हटलं, "बरंच पटत नाही. पण कपांचं वेगळं होतं." ती हसली, आणि हसताना तिने डोळे पुसले. मग तिने दोरी उचलली, आत आली, जमिनीवर बसली, पिशवी उघडली आणि डबा काढला. भिंतीवर ‘येथे खाणेपिणे मना आहे’ असं ठळक लिहिलं होतं. ते तिने वाचलं, मला दिसलं. "आई, तुमची गोळी जेवणाआधीची आहे ना?" तिने विचारलं आणि झाकण उघडलं. प्रमुख बाई फोन कानाला लावून पुन्हा कपाटाकडे गेल्या.

मुलगा किती वेळाने आला ते मला सांगता येणार नाही, त्या खोलीतलं घड्याळ बंद आहे. तो आधी माझ्याकडे आला नाही. कपाटाशी गेला, काचेला हात टेकवून वाकला, आणि पाचही कप एकेक करून वाचले. त्याचे ओठ हलत होते. मग आला. डोळे लाल होते आणि मान वर होती. ती वर असल्यावर तो त्याच्या बाबांसारखा दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. "गुरुवारचे किती म्हणालीस?" "एकतीस." "सगळे डावीकडचे?" "सगळे." त्याने मान हलवली. माफ केलं असं म्हणाला नाही, तेवढी अक्कल त्याला बाहेर कुठेतरी आली असावी. नात त्याच्याआडून पुढे आली आणि कागद माझ्यासमोर धरला. "आजी, माझी पेन्सिल दे. मला क खोडायचाय." मी पर्समधून पेन्सिल काढून दिली. तिने घड्याळसाहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि तो पर्याय इतक्या जोराने खोडला की कागद फाटला. तो चिमुकला कप तिला आता मिळणार नव्हता, आणि तिला ते माहीत होतं.

तेवढ्यात राखणदार बाई हळूच आत आली. तिला सांगून ठेवलेलं असणार, वस्तू जागच्या जागी हव्यात. तिने कपाकडे हात नेला. मी काही बोलायच्या आत मुलाने आपला हात मध्ये घातला, कपाच्या तळावर पालथा ठेवला, आणि इतक्या लोकांसमोर, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "राहू द्या, बाई. हा माझ्या आईने ठेवलाय."